छातीत नळी घालण्याआधी नाकातली नळी

पावसाळ्यात माझ्या ऐरोलीच्या दवाखान्यातलं नेब्युलायझरचं यंत्र थंड व्हायला वेळच मिळत नाही. भिंतींना ओल, घरात दोरीवर न वाळलेले कपडे, बाहेर ठाणे-बेलापूर रस्त्याचा धूर. त्यामुळे दिघ्याहून आलेला अडीच वर्षांचा मुलगा धापा टाकत समोर बसला, तेव्हा त्या संध्याकाळी आधीच्या मुलांना जे केलं तेच मी त्यालाही केलं. वाफ दिली, औषध लिहिलं, तीन दिवसांनी दाखवा म्हटलं. त्याची आई दारातून म्हणाली होती, "मॅडम, जेवल्यावर जास्त लागतो याला दम." मी ते ऐकलं. केसपेपरवर लिहिलं मात्र नाही.

पाचव्या दिवशी रात्री साडेदहाला त्याच्या वडिलांनी व्हॉट्सॲपवर एक्सरेचा फोटो पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. मुलाला जवळच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं होतं. "डाव्या छातीत हवा भरलीये म्हणतात. बरगड्यांमधून नळी घालायचीये, सही मागतायत. करू का?"

"ताप आहे?"

"नाही."

"उलट्या?"

"दुपारपासून चार झाल्या. खोकल्याच्याच असतील ना?"

फोटो मोठा करून पाहिला. डावीकडे हवेचा भलामोठा काळा फुगा होता, हृदय उजवीकडे ढकललेलं होतं. इथपर्यंत निदान बरोबर वाटत होतं. पण फुग्याची वरची कड गोल होती, कमानीसारखी. डाव्या बाजूला छाती आणि पोट यांच्यामधली रेघ दिसतच नव्हती. आणि पोटात, जिथे जठरातल्या हवेचा बुडबुडा हमखास दिसतो, तिथे काहीच नव्हतं. मी तिथल्या डॉक्टरांशी बोलले. "छातीत नळी घालण्याआधी नाकातून रायल्स ट्यूब टाकून पुन्हा एक फिल्म काढू या का?" त्यांनी ऐकलं, आणि याचं श्रेय त्यांना द्यायला हवं, कारण मुलाचा ऑक्सिजन घसरत असताना फोनवरच्या माणसाचं ऐकणं सोपं नसतं. नाकातून जठरापर्यंत जाणारी ती नळी जरा अडून आत गेली. तिच्यातून फसकन हवा आणि फाटलेलं दूध आलं. पाच मिनिटांत मुलाचा श्वास संथ झाला. दुसऱ्या फिल्ममध्ये नळीचं टोक खाली पोटात जाण्याऐवजी वर वळून डाव्या छातीत बसलं होतं.

छातीतली ती हवा फुप्फुसातून सुटलेली नव्हती. मुलाचं जठरच छातीत होतं. (मुलाची ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत.)

मधल्या स्लॅबमधलं भगदाड

छाती आणि पोट हे एकावर एक असलेले दोन मजले समजा. वर हृदय आणि फुप्फुसं. खाली जठर, आतडी, प्लीहा, यकृत. मधला स्लॅब म्हणजे डायफ्रॅम, मराठीत श्वासपटल. स्लॅबला भगदाड पडलं की काय होतं हे ठाण्यातल्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांना सांगायला नको. फरक इतकाच की तिथे वरचं खाली येतं आणि इथे खालचं वर जातं. कारण हा स्लॅब स्थिर नाही, तो स्नायूचा आहे. अडीच वर्षांच्या मुलात तो मिनिटाला 25-30 वेळा खालीवर होतो, आणि प्रत्येक श्वासाला छातीत ओढ तयार होते तर पोटात दाब वाढतो. भोक असेल तर पोटातली चीजवस्तू त्या ओढीने वर जाणारच.

भोक पडतं ते गर्भात. श्वासपटल चार वेगवेगळ्या भागांनी मिळून बनतं आणि साधारण आठव्या आठवड्याच्या सुमारास पाठीमागच्या बाजूचा शेवटचा झरोका बंद होतो. तो नीट बंद झाला नाही की जन्मजात डायफ्रॅमॅटिक हर्निया. दहाव्या आठवड्याच्या आसपास नाळेच्या मुळाशी वाढणारी आतडी पोटात परततात आणि त्यांना हा उघडा झरोका मिळतो. पाठीकडच्या या भोकाला बोखडालेक हर्निया म्हणतात. प्रागच्या शरीररचनाशास्त्रज्ञ व्हिन्सेंट बोखडालेक यांनी 1848 मध्ये त्याचं वर्णन केलं. पुढच्या बाजूला छातीच्या हाडामागे पडणारं भोक मॉरगॅग्नी यांच्या नावाने ओळखलं जातं, ते बरंच दुर्मीळ. बोखडालेकचं भोक दर पाचांतल्या चार मुलांत डावीकडे असतं. उजवीकडे यकृताचा मोठा गोळा आहे, तो बऱ्याचदा बुचासारखा बसतो.

हा दोष साधारण अडीच-तीन हजार जन्मांमागे एका बाळात आढळतो. बहुतेकांचं निदान पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत किंवा जन्मल्यावर काही तासांतच होतं, कारण बाळ निळं पडतं. त्या बाळांची लढाई खरं तर भोकाशी नसते. आतड्यांनी जागा अडवल्यामुळे गर्भातच फुप्फुस खुरटलेलं असतं आणि फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेला असतो. सगळी अडचण तिथे.

दिघ्याचा मुलगा दुसऱ्या गटातला. महिन्याभरानंतर, कधी वर्षांनंतर, लक्षणं दाखवणारी ही मुलं एकूण रुग्णांच्या 5 ते 25 टक्के असतात, असं वेगवेगळ्या रुग्णालयांचे अनुभव सांगतात. यांच्यात भोक होतं, पण लहान असेल, किंवा प्लीहा किंवा यकृताने ते बुजवून ठेवलं असेल, किंवा पातळ पिशवीने अवयव अडवून धरले असतील. दरम्यान फुप्फुस निवांत वाढलं. मग एखाद्या दिवशी जोराचा खोकला, कुंथणं, पडणं, किंवा भरपेट जेवण, आणि बूच सरकलं. म्हणूनच आधीचा एक्सरे स्वच्छ होता, या वाक्यावर विसंबू नये. ज्यांचा काही महिन्यांपूर्वीचा एक्सरे अगदी नॉर्मल होता अशा मुलांत हा हर्निया नंतर सापडल्याच्या नोंदी आहेत. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी नॉर्मल होती, हेही तसंच. तेव्हा वर काही गेलेलंच नसेल तर सोनोग्राफी करणाऱ्याला दिसणार काय?

एका अर्थी ही मुलं नशीबवान. फुप्फुस चांगलं असल्यामुळे वेळेत नेमकं निदान झालं तर जवळजवळ सगळी बरी होतात. दगावतात ती मुख्यतः निदान चुकल्याने किंवा लांबल्याने.

कशाकशाशी घोळ होतो

यादी मोठी आहे आणि त्यातली बरीचशी दुखणी या आजारापेक्षा कितीतरी जास्त दिसणारी आहेत. न्यूमोनिया. दमा. फुप्फुसाभोवती पाणी किंवा पू. स्टॅफिलोकॉकस जंतूंमुळे फुप्फुसात होणारे हवेचे फुगे. जन्मजात गाठी. श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा. आतड्यांची अनेक वेटोळी छातीत असली की एक्सरेवर ती हवेच्या फुग्यांसारखी दिसतात, आणि एकटं जठर फुगून बसलं की फुप्फुस फाटून हवा कोंडल्यासारखं.

डावीकडच्या हर्नियात पोटाची लक्षणं जास्त असतात: उलट्या, पोट दुखणं, खाल्लं की कुरकुर, वजन न वाढणं. उजवीकडच्यात खोकला आणि धाप पुढे येतात. आणि कित्येकदा दोन्हींची खिचडी. इथेच आपण फसतो, कारण आपल्याकडे उलटीचं मूल पोटाच्या औषधांकडे जातं आणि धापेचं मूल वाफेकडे. दोन्ही एकत्र दिसली की आई म्हणते खोकून खोकून उलटी झाली, आणि डॉक्टर मान डोलावतात. मीही डोलावली असती.

खटकायला हव्यात त्या गोष्टी म्हणजे तापाशिवाय धाप, जेवणानंतर किंवा आडवं झोपवल्यावर वाढणारा दम, आणि एकाच बाजूला पुन्हा पुन्हा होणारा 'न्यूमोनिया'. मूल तपासताना पोट खपाटीला गेलेलं, नावेसारखं आत खोलगट दिसू शकतं, कारण आतला ऐवज वर गेलेला असतो. हृदयाचे ठोके उजवीकडे सरकलेले असतात. आणि स्टेथोस्कोप छातीला लावल्यावर श्वासाऐवजी गुडगुड ऐकू येऊ शकते. खरं सांगायचं तर रडणाऱ्या मुलाच्या छातीत ही गुडगुड ऐकणं पुस्तकात जितकं सोपं वाटतं तितकं नसतं.

सगळ्यात भयंकर प्रकार म्हणजे छातीतलं जठर हवेने ताणलं जाणं, टेन्शन गॅस्ट्रोथोरॅक्स. रडणारं मूल हवा गिळतं. हवा जठरात शिरते, पण जठर भोकाशी मुडपलेलं किंवा पिळलेलं असल्यामुळे बाहेर पडत नाही. फुगा वाढत जातो, आधी फुप्फुस दाबतो, मग हृदय पलीकडे ढकलतो, मग हृदयाकडे परतणारं रक्तच अडतं. मूल पांढरं पडतं आणि ठोके थांबू शकतात. या टप्प्यावर एक्सरे फुप्फुस फाटल्यासारखाच दिसतो, आणि फुप्फुस फाटल्याचा तातडीचा इलाज बरगड्यांमधून सुई किंवा नळी हा आहे. ती नळी या मुलाच्या जठरात किंवा आतड्यात घुसली तर अन्न आणि जंतू छातीभर पसरतात. साधी शस्त्रक्रिया मग जिवावरची होऊन बसते.

नाकातल्या नळीचं मोल इथे आहे. प्लास्टिकची ती स्वस्त नळी एकाच वेळी दोन कामं करते: फुगा रिकामा करते आणि एक्सरेवर जठर कुठे आहे ते दाखवते. खाली पोटात न दिसता ती छातीत गुंडाळलेली दिसली तर वाद मिटला. ती पोटात व्यवस्थित दिसली तर मात्र हर्निया नाही असं म्हणता येत नाही, कारण जठर जागेवर असून नुसती आतडी वर गेलेली असू शकतात. मग नळीतून एक्सरेवर दिसणारं रंगद्रव्य देऊन फिल्म काढतात, किंवा सीटी स्कॅन. हाताशी चांगला सोनोग्राफी करणारा असेल तर खाटेशेजारीच छातीत हलणारी आतडी दिसतात, किरणांचाही प्रश्न नाही. मूल अत्यवस्थ असताना त्याला सीटीसाठी दुसऱ्या इमारतीत फिरवणं मला पटत नाही. आधी पोट रिकामं, श्वास ताब्यात, मग चित्रं.

एक गोष्ट बजावून सांगते, कारण या लेखाचा उलटा अर्थ निघू शकतो. छातीत खरंच पू किंवा हवा कोंडलेली मुलं कितीतरी जास्त असतात आणि त्यांना ती नळी ताबडतोब लागते. तिथे सही अडवून बसू नका. डॉक्टरांना फक्त विचारा: "हे पोटातलं काही वर गेलेलं असू शकतं का? नाकातून नळी टाकून बघता येईल का?" विचारायला अर्धं मिनिट लागतं, आणि चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. मला कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दवाखान्यात पहिला तास

नळी टाकली की ती उघडी ठेवतात आणि सतत ओढून रिकामी करतात. मूल उपाशी, पाणीसुद्धा नाही. ऑक्सिजन, डोकं आणि छाती उंचावलेली. सलाइन लागतंच, कारण दिवसभराच्या उलट्यांनी अंग कोरडं झालेलं असतं. ताप, रक्ताच्या तपासण्यांतला बिघाड किंवा पोट कडक होणं यांवरून आतडं काळं पडल्याची शंका आली तर अँटिबायोटिक लगेच सुरू होतात.

श्वास फारच अपुरा असेल तर घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर घेतात. इथे एक खास सावधगिरी आहे. तोंडावर मास्क दाबून फुगा दाबत हवा देणं, जे प्रत्येक अत्यवस्थ रुग्णासाठी हाताच्या सवयीने होतं, ते शक्यतो टाळायचं, कारण त्यातली काही हवा जठरात जाते आणि छातीतला फुगा आणखी मोठा होतो. भूल देतानाही नायट्रस ऑक्साइड वापरत नाहीत. तो वायू आतड्यातल्या हवेत शिरून ती फुगवतो. जठराला पीळ बसल्यामुळे नाकातली नळी खाली उतरलीच नाही आणि मूल हातचं चाललं असेल, तर बाहेरून सुईने जठरातली हवा काढावी लागते. तो शेवटचा उपाय. तो अनुभवी हाताने आणि नाइलाज म्हणूनच.

मूल स्थिर झालं की हलवायचं. ठाणे-नवी मुंबईत लहान मुलांचे अतिदक्षता विभाग (पीआयसीयू) आता बरेच आहेत. कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नेरुळपासून कामोठ्यापर्यंत वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, खाडीपलीकडे शीव आणि परळ. पण पाटी पाहून निघू नका. लहान मुलांचे सर्जन आणि लहान मुलांना भूल देणारे डॉक्टर आज रात्री आहेत का, पीआयसीयूत खाट आहे का, हे आधीच्या रुग्णालयाने फोन करून पक्कं करायला हवं. नाहीतर घोडबंदरच्या किंवा ऐरोली पुलाच्या गर्दीतून गेलेली रुग्णवाहिका दारातून परत फिरते. 108 वर फोन करताना मूल ऑक्सिजनवर आहे आणि नाकात नळी आहे हे स्पष्ट सांगा. वाटेत नळी बंद करू नका. पैशांची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल शोधा. रेशनकार्ड आणि आधार घरून कुणीतरी मागून आणेल, तुम्ही मुलासोबत राहा.

दिघ्याचा मुलगा पहाटे तीनला पुलापलीकडे पोचला आणि दुपारी त्याची शस्त्रक्रिया झाली. हेही लोकांना विचित्र वाटतं: इतकी घाई करून आणलं आणि लगेच टेबलावर का नाही घेतलं? कारण जठर रिकामं झालं होतं, रंग परतला होता, आणि तहानलेल्या, दमलेल्या मुलाला भूल देण्यापेक्षा काही तास सलाइन देऊन देणं सुरक्षित असतं. अवयवाला पीळ बसून रक्तपुरवठा तुटल्याची शंका असती तर मात्र थांबले नसते.

टेबलावर काय करतात

बहुतेक सर्जन डाव्या बरगडीखाली आडवा छेद घेऊन पोटातून जातात. छातीत गेलेली आतडी, जठर हलक्या हाताने खाली ओढून घेतात. प्लीहा सगळ्यात नाजूक, ती फाटली तर रक्त थांबता थांबत नाही, म्हणून तिची पाळी संयमाने. पिशवी असेल तर कापून टाकतात. मग भोकाच्या कडा मोकळ्या करून न विरघळणाऱ्या धाग्याने शिवतात. पाठीकडची कड बऱ्याचदा गुंडाळून बसलेली असते, ती उलगडावी लागते. मोठ्या भोकाला गोरटेक्ससारख्या कृत्रिम कापडाचं ठिगळ लावतात, पण उशिरा आलेल्या मुलांत त्याची गरज क्वचित पडते. स्थिर मुलात हेच काम दुर्बिणीने, पोटातून किंवा छातीतून, करता येतं.

बाहेर येण्याआधी आतडी नीट फिरली आहेत का ते बघतात. गर्भात ज्यांना पोटात पुरेशी जागाच मिळाली नाही त्या आतड्यांचं वळणही अपुरं राहिलेलं असू शकतं, आणि त्याने पुढे वेगळाच पीळ बसू शकतो.

नवजात बाळाच्या बाबतीत 1946 मध्ये बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी जन्मापासून चोवीस तासांच्या आत अशी यशस्वी शस्त्रक्रिया केली, तेव्हा ती मोठी बातमी होती. आज दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत, वेळेत आणलं तर, तो नित्याचा भाग आहे. फुप्फुस दबलेलं होतं, खुरटलेलं नव्हतं. त्यामुळे ते एक-दोन दिवसांत फुलतं. आमच्या या मुलाचं तिसऱ्या दिवसाच्या फिल्मवर जवळपास पूर्ण फुललं होतं. चौथ्या दिवशी त्याने भाताची पेज मागितली, अशी बातमी त्याच्या आजीने मला पाठवली. सोबत पेजेचा फोटोही होता.

टाके काढल्यावर आईने विचारलेला प्रश्न मला बरेच पालक विचारतात. "पुढच्या बाळाला होईल का हो?" इतर कुठलाही जन्मदोष किंवा गुणसूत्रांचा बिघाड नसेल तर शक्यता कमी, साधारण शंभरात एक-दोन. तरीही पुढच्या गरोदरपणात पाचव्या महिन्याची सोनोग्राफी हे माहीत असलेल्या डॉक्टरकडून करून घ्यावी आणि आधीच्या बाळाची फाइल सोबत न्यावी.

ती फाइल या मुलासाठीही जपायची आहे. हर्निया पुन्हा होऊ शकतो, म्हणून काही वर्षं अधूनमधून एक्सरे काढतात. पोट उघडलेलं असल्यामुळे आतडी एकमेकांना चिकटून पुढे कधीही अडथळा येऊ शकतो. मुलाला हिरवी उलटी झाली किंवा पोट फुगून शी बंद झाली, तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात जायचं, आणि दारातच सांगायचं की याची अडीचव्या वर्षी डायफ्रॅमची शस्त्रक्रिया झालेली आहे.